पेन्शन जास्त आलं, आता परत करा म्हणतात: वसुलीचं पत्र आल्यावर काय करायचं

फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आई बँकेतून पासबुक भरून आली आणि चपला काढायच्या आधीच ते माझ्या हातात दिलं. मागच्या महिन्यात ३६,००० जमा झाले होते, या महिन्यात २१,६००. बँकेतल्या मुलीने सांगितलं, "मावशी, वरूनच एवढे आलेत." वरून म्हणजे कुठून, ते तिलाही माहीत नव्हतं.

दोन महिन्यांनी, एप्रिलच्या भर उन्हात, पत्र आलं. वडिलांच्या पश्चात आईला मिळणारं फॅमिली पेन्शन सोळा महिने वाढीव दराने दिलं गेलं होतं, ते चुकीचं होतं, आणि जादा गेलेले २,३५,००८ रुपये दरमहा ९,७९२ प्रमाणे चोवीस हप्त्यांत वसूल केले जातील. आई खोलीत गेली, कपाट उघडलं, पाटल्या रुमालात बांधून आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. "मोड ह्या. सरकारचं देणं नको डोक्यावर."

पाटल्या परत कपाटात गेल्या. त्यानंतर चार महिने मी जे केलं ते इथे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे. मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. सरकारी कागदाची मात्र होती. चूक कुठल्या कार्यालयात आणि कुणाच्या टेबलावर झाली, त्यात मी जाणार नाही. तुमच्या वेळी ती आणखी कुठे झालेली असेल.

## १. पत्र आलं त्या दिवशी काय करू नये

सही करू नका. पत्रासोबत बहुतेक वेळा एक संमतीपत्र असतं किंवा तोंडी सांगतात, "आजी, इथं सही करा, म्हणजे हप्ते बांधून देता येतील." हप्ते मागायला संमतीपत्र लागत नाही, साधा अर्ज पुरतो. रक्कम मान्य आहे असं एकदा लिहून दिलंत की पुढे हिशेब चुकला म्हणायला तोंड राहत नाही.

पत्र फाडू नका, पाकीटही टाकू नका. पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख नंतर कामाला येते, कारण पत्रावर तारीख एक असते आणि ते हातात पडतं तीन आठवड्यांनी. उत्तराला पंधरा दिवस दिलेले असतील तर ते कधीपासून मोजायचे, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

आणि फोनवर काहीही ठरवू नका. वसुलीच्या बातम्या फुटल्या की "मी कार्यालयातून बोलतोय, वसुली माफ करून देतो, आलेला ओटीपी सांगा" असे फोन पेन्शनरांना येतात. खरं कार्यालय ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

## २. आधी पीपीओ काढा: वसुली खरी आहे का?

पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी असते. आमचीही तिथेच होती, लग्नाच्या अल्बमखाली. ती काढून दोन ओळी शोधा: वाढीव दराने कुटुंब निवृत्तिवेतन कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतर सामान्य दर किती.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ११६ इथे लागू होतो. निवृत्त झाल्यावर कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर वाढीव दर सात वर्षांपर्यंत, किंवा तो हयात असता तर ज्या दिवशी ६५ वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर मिळतो. पुढे सामान्य दर, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के. वडील २०२० मध्ये बासष्टाव्या वर्षी गेले. सात वर्षं २०२७ ला भरली असती, पण ६५ वर्षं ऑगस्ट २०२३ लाच भरत होती. पीपीओवर तारीख स्वच्छ होती: ३१ ऑगस्ट २०२३. ती आम्हीही कधी पाहिली नव्हती आणि जिथे पाहायला हवी होती तिथेही कुणी पाहिली नाही. पैसे डिसेंबर २०२४ पर्यंत जुन्याच दराने येत राहिले.

म्हणजे वसुलीचं कारण खरं होतं. हे स्वतःशी मान्य केलं की पुढचं डोकं शांत चालतं. तुमच्या पीपीओत तारीख वेगळी निघाली, किंवा पत्रात भलत्याच माणसाचा पीपीओ क्रमांक असेल, तर तुमचं काम सोपं आहे. तेवढंच लिहून कळवा.

ज्यांच्या घरी अजून पत्र आलेलं नाही त्यांनीही आजच ती तारीख बघावी. उलटून गेली असेल आणि पैसे तेवढेच येत असतील तर स्वतःहून कळवा. जितके महिने लपवाल तितकी रक्कम फुगते, आणि "आम्हाला माहीतच नव्हतं" हे म्हणायची सोयही जाते.

## ३. कागदांची फाइल

नवी पेठेतून साधी दोरीची फाइल आणली, तीस रुपयांची. त्यात हे हवं:

- वसुलीचं पत्र, पाकिटासह
- पीपीओची प्रत (मूळ पीपीओ कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका)
- जादा रक्कम गेल्याचा पूर्ण काळ आणि मागेपुढे सहा महिने दाखवणारं पासबुक किंवा बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट
- मृत्यूचा दाखला, आधार, पॅन
- दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला दिल्याची पोच किंवा नोंद
- पेन्शन सुरू होताना दिलेल्या हमीपत्राची प्रत, मिळाली तर
- औषधांची बिलं, घरभाडं, कर्जाचे हप्ते: हप्ता कमी करून मागताना हेच कागद बोलतात

हयातीच्या दाखल्याचं लोकांना नवल वाटतं. पण त्यातून दिसतं की आई दरवर्षी समोर हजर होती, काही लपवलं नव्हतं. आईकडून खोटी माहिती गेली नाही, ही गोष्ट पुढे प्रत्येक टप्प्यावर सांगायची असते, आणि ती कागदानेच सांगावी लागते.

हमीपत्राचं नाव लक्षात ठेवा, सहाव्या टप्प्यात तेच आडवं येतं.

## ४. हिशेबाचा तक्ता मागा आणि पासबुकाला लावून बघा

आमच्या पत्रात एकच आकडा होता. तो कसा आला ते कुठेच नव्हतं. म्हणून पहिला अर्ज एवढाच केला: महिनावार तक्ता द्या. कोणत्या महिन्यात किती दिले, किती द्यायला हवे होते, फरक किती, महागाई भत्ता कोणत्या दराने धरला.

तीन आठवड्यांनी तक्ता मिळाला. मिळाला नसता तर माहिती अधिकाराचा अर्ज तयार होता. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा, उत्तराची मुदत तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, त्यामुळे "माझ्यावर अन्याय झाला" पासून सुरुवात करू नका. कागद मागा: तक्ता, लेखापरीक्षणाच्या आक्षेपाची प्रत, त्या प्रकरणावरची टिप्पणी, हमीपत्राची प्रत.

आता आमचा हिशेब. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून वडिलांचं शेवटचं मूळ वेतन ४८,००० धरते. वाढीव दर २४,०००, सामान्य दर त्याच्या ३० टक्के, म्हणजे १४,४००. दर महिन्याचा मूळ फरक ९,६००. सप्टेंबर २०२३ ते डिसेंबर २०२४, सोळा महिने: १,५३,६००.

इथपर्यंत तक्ता बरोबर होता. त्यावर महागाई भत्ता मात्र सरसकट सोळाही महिने ५३ टक्के लावला होता. आता राज्याचे दर बघा. जुलै २०२३ पासून ४६ टक्के, जानेवारी २०२४ पासून ५० आणि जुलै २०२४ पासून ५३. म्हणजे पहिले चार महिने ४६ आणि नंतरचे सहा महिने ५० हवे होते.

शेवटच्या सहा महिन्यांत आणखी एक गंमत होती, ती पासबुकाशिवाय दिसली नसती. जुलै ते डिसेंबर २०२४ हे महिने कागदावर ५३ टक्क्यांचे, पण प्रत्यक्षात तेव्हा आईला ५० टक्क्यांनीच पैसे आले होते. वरच्या तीन टक्क्यांचा शासन निर्णय फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाला आणि थकबाकी नंतर जमा झाली. तोवर पेन्शन खाली आलं होतं, आणि थकबाकीही १४,४०० वरच काढून दिली होती. जे तीन टक्के जादा कधी मिळालेच नाहीत, ते परत कसे मागणार?

तर खरा हिशेब असा: चार महिने ४६ टक्क्यांनी, बारा महिने ५० टक्क्यांनी. ९,६०० वर भत्त्याचे होतात ७५,२६४. मूळ फरक १,५३,६००. एकूण २,२८,८६४. पत्रातल्या आकड्यापेक्षा ६,१४४ रुपये कमी.

सव्वादोन लाखांपुढे सहा हजार म्हणजे काय, असं भावाने विचारलं. माझ्या मते रकमेपेक्षा मोठी गोष्ट ही की तक्ता चुकलेला आहे हे लेखी दाखवता आलं. त्या दिवसापासून टेबलापलीकडचा सूर बदलला. आधी "वसुली तर होणारच" होतं, मग "ताई, तुमचा तक्ता ठेवून जा, बघतो" झालं.

तुमचा हिशेब करताना एका वहीत चार रकाने पाडा: महिना, पासबुकात जमा, पीपीओप्रमाणे देय, फरक. तक्ता नव्हे, पासबुक खरं धरा. वेतननिश्चिती चुकल्यामुळे वसुली निघाली असेल तर हिशेब आणखी किचकट असतो, कारण वेतनवाढी एकावर एक चढलेल्या असतात. तिथे एखाद्या निवृत्त लिपिकाला गाठा. पेन्शनर संघटनांच्या बैठकांत असे दोन-तीन जण असतातच, ते चहावर काम करतात आणि सीएपेक्षा बरं करतात.

## ५. उत्तर लेखी द्या, पोच घ्या

पत्राला "कारणे दाखवा" म्हटलेलं असो वा नसो, उत्तर द्या. सेवानिवृत्तांसाठी निवृत्तिवेतन नियमांत १३४-अ हा नियम आहे. जादा गेलेली रक्कम पेन्शनमधून वसूल करायची मुभा तो देतो, पण त्याआधी म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायला सांगतो. आणि हप्ते असे पाडावेत की पेन्शन शासनाने ठरवलेल्या किमान रकमेखाली जाऊ नये, असंही सांगतो. आमचं प्रकरण फॅमिली पेन्शनचं असलं तरी अर्जात आम्ही याच तत्त्वाचा आधार घेतला.

आमचं उत्तर साधारण असं होतं, तुमच्या गरजेप्रमाणे बदला:

*विषय: कुटुंब निवृत्तिवेतनाच्या जादा प्रदानाच्या वसुलीबाबत.*

*महोदय, आपले वरील संदर्भीय पत्र मला अमुक तारखेस मिळाले. सदर जादा प्रदान माझ्याकडून दिलेल्या कोणत्याही चुकीच्या माहितीमुळे झालेले नाही. मी दरवर्षी हयातीचा दाखला मुदतीत दिला आहे. आपण दिलेल्या तक्त्यात महागाई भत्त्याचे दर प्रत्यक्ष प्रदानाशी जुळत नाहीत. पासबुकाच्या आधारे केलेला महिनावार तक्ता सोबत जोडला आहे. कृपया रक्कम सुधारित करावी. माझ्या म्हणण्यावर लेखी निर्णय होईपर्यंत वसुली सुरू करू नये. वसुली करावयाचीच झाल्यास माझे वय, औषधोपचार व अन्य उत्पन्न नसणे विचारात घेऊन दरमहा ४,००० पेक्षा अधिक कपात करू नये, ही विनंती. ही विनंती माझे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून करीत आहे.*

शेवटचं वाक्य वगळू नका. त्यामुळे हप्ते मागितले म्हणजे सगळं कबूल केलं, असं कुणाला म्हणता येत नाही.

दोन प्रती न्या. एक टपाल शाखेत द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यायची. "साहेबांना दाखवतो, ठेवून जा" म्हणाले तरी शिक्क्याशिवाय जिना उतरायचा नाही. मी पहिल्या खेपेला उतरले होते. तो अर्ज पुन्हा कधी सापडला नाही आणि दीड महिना वाया गेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर जाऊ नका, सकाळी अकरा-साडेअकराला टपाल शाखेत माणूस जागेवर असतो.

## ६. "वसूल करताच येत नाही" हे कितपत खरं?

पेन्शनरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो: सुप्रीम कोर्टाने वसुलीला बंदी घातली आहे. अर्धं खरं आहे.

१८ डिसेंबर २०१४ ला पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच परिस्थिती सांगितल्या, ज्यांत वसुली करू नये: वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम गेलेली असेल ते, वरच्या पदाचं काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला गेलेले, आणि जिथे वसुली अन्यायकारक किंवा फार जाचक ठरेल अशी प्रकरणं. २०२२ मध्ये केरळच्या थॉमस डॅनियल या शिक्षकाच्या प्रकरणातही कोर्टाने वसुली रद्द केली. तिथे कोर्टाने एक गोष्ट स्पष्ट केली: कर्मचाऱ्याची फसवणूक नसेल तर मिळणारा हा दिलासा न्यायबुद्धीने दिला जातो, तो हक्क म्हणून मागता येत नाही.

दुसरी बाजू २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणाची. जादा रक्कम गेल्यास परत करीन, असं हमीपत्र ज्याने लिहून दिलं आहे, त्याला निवृत्तीच्या मुद्द्यावर सूट मिळाली नाही. पेन्शनच्या कागदांच्या गठ्ठ्यात असं हमीपत्र बहुतेकांकडून घेतलेलं असतं. आईनेही दिलं होतं, वडील गेल्यावर पंधराव्या दिवशी, न वाचता. कोण वाचतं त्या दिवसांत?

बँकेने परस्पर कपात केली तर गोष्ट निराळी. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका ८५ वर्षांच्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पेन्शन किती हे ठरवायचा अधिकार बँकेला नाही, तो नोकरी देणाऱ्या खात्याला आहे, असं सांगून कापलेले पैसे परत करायला लावले. तेव्हा तुमच्या खात्यातून पैसे गेले असतील तर आधी बँकेला लेखी विचारा: कुणाच्या आदेशाने? आदेशाची प्रत द्या.

वसुली थांबली तरी वाढीव दर चालू राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. पुढचं पेन्शन योग्य दरावर येणारच.

## ७. दोन खड्डे एकदम: घरखर्चाचं गणित

पत्र आल्यावर सगळे वसुलीबद्दल बोलतात. पण पेन्शन आधीच ३६,००० वरून २१,६०० वर आलेलं असतं. ५३ टक्के भत्ता लागल्यावर ते २२,०३२ झालं. त्यातून ९,७९२ कापले असते तर हातात राहिले असते १२,२४०. आईची साखरेची आणि बीपीची औषधं, गॅस, वीज, पाणीपट्टी, भिशी. उन्हाळ्यात सोलापुरात कूलर बंद ठेवून दाखवा.

मी आणि आईने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला खर्च लिहून काढला. वगळता न येणारा खर्च १६,५०० भरला. २२,०३२ मधून तो वजा केला की साधारण ५,५०० उरतात, त्यातले दीड हजार अडीअडचणीला. उरले चार हजार. हप्त्याचा आकडा इथून आला, आणि अर्जाला हा कागद जोडल्यामुळे तो मान्यही झाला असं मला वाटतं. "कमी करा" म्हणू नका, किती ते सांगा आणि का ते दाखवा.

भिशी सोडायची नाही, यावर आई अडून बसली. ठेवली.

पेन्शनवर कर्ज काढून एकरकमी फेडायचा सल्ला देणारे भेटतील. आमच्या पत्रात व्याज नव्हतं, तुमच्यात आहे का बघा. नसेल तर बिनव्याजी देणं फेडायला व्याजाचं कर्ज काढणं म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खणणं. पाटल्यांचंही तेच.

## ८. दाद कुठे, कुठे नाही

सोलापुरात लोक आधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाला जातात, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. तिथे सेवाविषयक आणि आस्थापनाविषयक तक्रारी घेत नाहीत. रांगेत उभं राहून परत येण्यापेक्षा आधीच ठाऊक असलेलं बरं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही. हेल्पलाइन १५१००. आम्हाला तिथे भेटलेल्या वकीलबाईंनी पाऊण तास दिला आणि हमीपत्राचा मुद्दा त्यांनीच पहिल्यांदा समजावला.

वडील राज्य शासनाचे कर्मचारी असतील तर प्रकरण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातं, आपल्यासाठी मुंबईला. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. तुम्ही निवेदन दिलं आणि उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट पाहून पुढचं एक वर्ष. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा आणि कर्मचाऱ्यांचा मार्ग वेगळा, त्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे.

वकीलबाईंचं मत होतं की आईच्या बाजूने मांडण्यासारखं बरंच आहे, पण हमीपत्रामुळे निकाल कुठेही झुकू शकतो. मी लढायच्या बाजूची होते. वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याची विधवा, फसवणूक नाही, चूक त्यांची; अजूनही वाटतं लढायला हवं होतं. आई म्हणाली, "तारखांना तू रजा टाकणार, मी जिने चढणार. ते पैसे आपले नव्हतेच. फक्त सावकाश देऊ." पेन्शन तिचं, निर्णय तिचा. तुमच्या घरी रक्कम मोठी असेल, काळ पाच वर्षांहून जास्त असेल किंवा हमीपत्रच नसेल, तर एवढ्यावर सोडू नका.

## ९. भरायला लागल्यावर

जुलैमध्ये सुधारित आदेश आला: रक्कम २,२८,८६४, दरमहा ४,०००, म्हणजे ५७ पूर्ण हप्ते आणि शेवटचा ८६४ चा. आदेशाशिवाय कपात सुरू होऊ देऊ नका. त्यावर एकूण रक्कम, हप्ता आणि हप्त्यांची संख्या, तिन्ही हवं.

एकरकमी भरणार असाल तर रोख कुणाच्या हातात देऊ नका. लेखाशीर्ष (सरकारी खात्यात पैसे ज्या सदराखाली जमा होतात त्याचा क्रमांक) लेखी मागा, चलनाने भरा, चलनाची प्रत अर्जासोबत कार्यालयात देऊन तिची पोच घ्या. ज्या वर्षांत जादा पेन्शनवर आयकर भरला असेल त्यांनी विवरणपत्र भरायच्या आधी करसल्लागाराला हे पत्र दाखवावं.

दर महिन्याला पासबुक भरा. महागाई भत्ता वाढला की जमा रक्कम बदलते आणि हप्ता नेमका किती कापला हे पटकन कळत नाही, म्हणून पेन्शनची पावती काढून कपातीची ओळ बघा. शेवटचा हप्ता कपातीला येण्याच्या दोन महिने आधीच कपात थांबवायचा अर्ज द्या. आमच्या गल्लीतल्या एका काकांची कपात पूर्ण झाल्यावरही चार महिने चालूच होती, कारण थांबवायचं कुणाला आठवलं नाही. वसुली पूर्ण झाल्याचं पत्र मागून घ्या आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

## पीएम किसानचं पत्र आलं असेल तर

हे वेगळं प्रकरण आहे, पण विचारणारे बरेच असतात. माझ्या मोहोळच्या मामांना तहसीलमधून आलं होतं. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. मागच्या कर-निर्धारण वर्षात आयकर भरलेले, दरमहा दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे (वर्ग चारचे सोडून), नोकरीतले आणि निवृत्त सरकारी कर्मचारी (तेही वर्ग चार सोडून), डॉक्टर-वकील-इंजिनियर-सीए म्हणून व्यवसाय करणारे यात बसत नाहीत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं.

इथे पात्रता आपणच घोषित केलेली असते, म्हणून भांडायला जागा थोडी. पण आधी एवढं बघा: आयकर भरला म्हणजे खरंच कर भरला, की फक्त शून्य कराचं विवरणपत्र दिलं? मामांनी कर्जासाठी विवरणपत्र भरलं होतं, कर एक रुपया नव्हता. त्यांनी पोचपावती घेऊन लेखी म्हणणं दिलं. खरोखर अपात्र असाल तर योजनेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन परतावा करायची सोय आहे, आधार किंवा खाते क्रमांक टाकून. पैसे भरल्याची पावती तलाठी आणि तहसीलला दाखवा. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसेही आले असतील तर त्याबद्दल तिथेच लेखी विचारा.

आमचे सहा हप्ते झाले, ऑगस्ट ते जानेवारी. गड्ड्याच्या यात्रेवरून आल्यावर आईने वाण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर सहावी रेघ ओढली आणि खाली लिहिलं: बाकी २,०४,८६४.